न्यायाधीशाने काय विचारात घ्यावे? पुरावा कायदा शिकताना कळीचे तीन प्रश्न

विधी महाविद्यालयातील बहुतेक विषय हक्क, कर्तव्ये आणि अपराध यांच्या व्याख्या शिकवतात. खून कशाला म्हणावे हे भारतीय न्याय संहिता सांगते आणि करार केव्हा मोडला असे मानावे हे करार कायदा सांगतो. पण खून झाला, आणि तो पिंजऱ्यात उभ्या असलेल्या याच माणसाने केला, हे न्यायालयाने कशाच्या आधारावर मानायचे, याचे नियम पुरावा कायद्यात सापडतात. हा विषय कलमांचे क्रमांक पाठ करून उत्तीर्ण होण्याजोगा आहे, आणि म्हणूनच तो अनेकदा समजून न घेताच मागे टाकला जातो. प्रत्यक्ष वकिलीत मात्र रोज उपयोगी पडणारा दुसरा असा विषय क्वचितच असेल.

सुमारे दीडशे वर्षे हा विषय १८७२ च्या भारतीय पुरावा अधिनियमावरून शिकवला गेला. ब्रिटिश कायदेपंडित जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी तयार केलेला हा १६७ कलमांचा कायदा १ सप्टेंबर १८७२ रोजी अमलात आला आणि १ जुलै २०२४ रोजी त्याची जागा १७० कलमांच्या भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ ने घेतली. तत्त्वे बहुतांशी तीच राहिली, क्रमांक मात्र बदलले. नवा कायदा लागू झाला त्या दिवशी प्रलंबित असलेली प्रकरणे जुन्या कायद्यानुसारच चालतात आणि आजवरचे बहुतेक महत्त्वाचे निवाडे जुन्याच क्रमांकांनी बोलतात, त्यामुळे आजच्या विद्यार्थ्याला दोन्ही क्रमांक ओळखीचे असावे लागतात. पुढे मी प्रामुख्याने नवे क्रमांक दिले आहेत.

या कायद्याचा गाभा तीन प्रश्नांत सामावलेला आहे आणि ते याच क्रमाने विचारावे लागतात. ही गोष्ट कायद्याच्या दृष्टीने खटल्याशी संबद्ध आहे का? असल्यास, ज्या मार्गाने ती न्यायालयासमोर आणली जात आहे तो मार्ग कायद्याला मान्य आहे का? आणि ती दाखल झाल्यावर तिचे वजन किती? परीक्षेतील चुकीची बरीच उत्तरे या तीन प्रश्नांची सरमिसळ झाल्यामुळे चुकलेली असतात. साक्षीदार खोटे बोलत असावा, म्हणून त्याची साक्ष दाखलच होऊ शकत नाही, असे विद्यार्थी लिहितात. वास्तविक खरेखोटेपणा हा तिसऱ्या प्रश्नाचा भाग आहे आणि दाखल होणे हा दुसऱ्या.

एक काल्पनिक खटला समोर ठेवू. एका गावात दोन शेतकऱ्यांमध्ये बांधावरून जुना वाद आहे. एका संध्याकाळी त्यांच्यापैकी एकजण पारावर चारचौघांत दुसऱ्याला ‘तुला जिवंत ठेवणार नाही’ असे म्हणतो. त्याच रात्री दुसऱ्यावर शेतात कोयत्याने वार होतात. त्याची आरोळी ऐकून शेजारी धावत येतो. जखमी माणूस ग्रामीण रुग्णालयात डॉक्टरांना हल्लेखोराचे नाव सांगतो आणि पहाटे मरण पावतो. दूध संकलन केंद्राच्या कॅमेऱ्यात रात्री त्या रस्त्याने जाणारा एक माणूस दिसतो. दुसऱ्या दिवशी संशयिताला अटक होते आणि तो पोलीस कोठडीत म्हणतो, ‘मीच त्याला कोयता मारला, तो कोयता विहिरीजवळच्या कडब्याच्या गंजीत लपवला आहे, चला दाखवतो.’

पहिला प्रश्न संबद्धतेचा. कलम ३ सांगते की पुरावा देता येतो तो वादातील मुद्द्यांबाबत आणि कायद्याने संबद्ध ठरवलेल्या गोष्टींबाबत, अन्य कशाबाबतही नाही. व्यवहारात ज्याला आपण संबंध म्हणतो तेवढ्याने येथे भागत नाही. ती गोष्ट कलम ४ ते ५० यांपैकी कोठेतरी बसावी लागते. बांधाचा वाद हा हेतू म्हणून कलम ६ मध्ये बसतो. हल्ल्याच्या क्षणी उठलेली आरोळी त्याच घटनेचा भाग म्हणून कलम ४ मध्ये येते, कारण मनात काही रचायला वेळ मिळण्यापूर्वीच ती तोंडून बाहेर पडलेली असते. पण आरोपीला पूर्वी चोरीबद्दल शिक्षा झाली होती, हे सरकारी वकिलांना खुनाचा आधार म्हणून पुढे आणता येत नाही. आरोपीने स्वतःच्या चांगल्या चारित्र्याचा पुरावा दिला, तरच कलम ४९ प्रमाणे त्याच्या वाईट चारित्र्याचा विषय उघडतो. सर्वसामान्य माणसाला ही गोष्ट अतिशय महत्त्वाची वाटेल, आणि कायदा ती नेमकी त्याच कारणाने बाहेर ठेवतो, कारण एकदा ती कानावर पडली की माणूस या रात्री काय घडले हे पाहण्याऐवजी हा माणूस कसा आहे हे पाहू लागतो.

दुसरा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. कलम ५५ म्हणते की तोंडी पुरावा प्रत्यक्ष असला पाहिजे. ज्याने पाहिले त्याने पाहिल्याचे सांगावे, ज्याने ऐकले त्याने ऐकल्याचे. ‘यानेच मारले असे गावात बोलत होते’ हे विधान ऐकीव आहे, कारण ज्यांनी ते म्हटले ते शपथेवर नाहीत आणि त्यांची उलटतपासणी होऊ शकत नाही. येथे एक फरक नीट समजून घ्यावा लागतो. पारावरची धमकी ऐकणारा साक्षीदारही दुसऱ्याचेच शब्द सांगतो, तरीही ती साक्ष ऐकीव ठरत नाही, कारण धमकी दिली गेली एवढेच त्यातून सिद्ध करायचे असते आणि ते त्याने स्वतःच्या कानांनी ऐकलेले असते. दुसऱ्याचे शब्द त्यांतील मजकूर खरा आहे हे दाखवण्यासाठी आणले आहेत, की ते उच्चारले गेले हे दाखवण्यासाठी, हे आधी ठरवावे. ही सवय लागली की ऐकीव पुराव्याचे निम्मे कोडे सुटते.

जखमी माणसाने डॉक्टरांना सांगितलेले नाव हे मात्र मजकूर खरा मानण्यासाठीच आणले जाते, आणि सांगणारा तर हयात नाही. त्यासाठी कलम २६ चा खंड (क) म्हणजे मृत्युपूर्व जबाबाचा अपवाद आहे. इंग्लंडच्या जुन्या नियमात आपण मरणार याची जाणीव बोलणाऱ्याला असणे आवश्यक होते. आपल्या कायद्याने ती अट १८७२ मध्येच ठेवली नाही. विधान मृत्यूच्या कारणाबद्दल किंवा मृत्यूला कारणीभूत झालेल्या घटनेच्या परिस्थितीबद्दल असले म्हणजे पुरे. नागपूरच्या एका खून खटल्यातून आलेल्या खुशाल राव विरुद्ध मुंबई राज्य या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये सांगितले की असा जबाब विश्वासार्ह वाटला तर केवळ त्याच्याच आधारावर शिक्षा होऊ शकते. बोलणारा शुद्धीवर असल्याचे डॉक्टरांचे प्रमाणपत्र नसेल तर जबाब बाद होतो का, या प्रश्नावर निवाड्यांत मतभेद होते. २००२ मध्ये लक्ष्मण विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ते मिटवले. जबाब नोंदवणाऱ्याची बोलणाऱ्याच्या मनःस्थितीबद्दल खात्री पटली होती हे सिद्ध झाले, तर प्रमाणपत्राचा अभाव घातक नाही. जबाब दाखल होणे आणि त्यावर विसंबणे या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत, हेही या निवाड्यांतून स्पष्ट दिसते.

आता कोठडीतील ते वाक्य. मला या कायद्यातील सर्वांत शिकण्यासारखी जागा हीच वाटते. कलम २३ सांगते की पोलीस अधिकाऱ्याजवळ दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही, आणि पोलीस कोठडीत असताना अन्य कोणाजवळ दिलेलाही नाही, दंडाधिकाऱ्यांच्या प्रत्यक्ष उपस्थितीत दिला असेल तर गोष्ट वेगळी. ही मनाई १८६१ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेपासून चालत आली आहे आणि तिचे कारण उघड आहे. कोठडीत मारहाण करून कबुली मिळवता येते, हे ती कबुली मिळवणाऱ्या यंत्रणेलाही माहीत असते. अशी कबुली न्यायालयात निरुपयोगी ठरवली, तर ती मिळवण्याचा मोह कमी होईल, असा हा विचार आहे. प्रत्येक आरोपी निर्दोष असतो असे हा नियम मानत नाही. खरी कबुलीसुद्धा तो बाहेर ठेवतो, आणि विद्यार्थ्यांना सुरुवातीला हेच पटत नाही.

मात्र याच कलमाला एक परंतुक, म्हणजे अपवाद सांगणारी पुरवणी, जोडलेले आहे, जे जुन्या कायद्यात कलम २७ होते आणि न्यायालयांच्या बोलीत आजही ‘सत्तावीस’ म्हणूनच ओळखले जाते. आरोपीने दिलेल्या माहितीवरून एखादी गोष्ट उघडकीस आली, तर त्या माहितीचा जेवढा भाग उघडकीस आलेल्या गोष्टीशी स्पष्टपणे संबंधित आहे, तेवढाच सिद्ध करता येतो. याचा अर्थ प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातील सर्वोच्च अपील न्यायालयाने, पुलुकुरी कोट्टय्या प्रकरणात लावला आणि १९४७ मध्ये प्रसिद्ध झालेला तो निवाडा आजही मार्गदर्शक मानला जातो. उघडकीस येते ती केवळ वस्तू नव्हे. ती वस्तू अमुक ठिकाणी आहे आणि ते आरोपीला ठाऊक होते, ही गोष्ट उघडकीस येते. म्हणून आपल्या खटल्यात ‘कोयता विहिरीजवळच्या कडब्याच्या गंजीत लपवला आहे, चला दाखवतो’ हा भाग राहतो आणि ‘मीच त्याला कोयता मारला’ हा भाग वगळावा लागतो, कारण कोयता सापडल्याने तो कोठे होता हे कळते, कोणी कोणाला मारला हे कळत नाही. पंचांसमोर आरोपीचे निवेदन लिहून घेतले जाते, त्यानंतर कोयता जप्त होतो, आणि खटल्यात त्या पंचनाम्यातील एकेक शब्दावर वाद होतो. पंच खरोखर हजर होते का? ती जागा कोणालाही सहज दिसण्याजोगी होती का? पोलिसांना ती आधीच माहीत होती का? आणि कोयता सापडला तरी तो या गुन्ह्यात वापरला गेला होता, हे रक्ताच्या तपासणीने किंवा अन्य मार्गाने स्वतंत्रपणे दाखवावेच लागते.

महाराष्ट्रातील विद्यार्थ्याने याला जोडून आणखी एक तरतूद वाचली पाहिजे. महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण अधिनियम, १९९९, म्हणजे मोक्का, याच्या कलम १८ नुसार पोलीस अधीक्षक किंवा त्यावरील दर्जाच्या अधिकाऱ्याने विहित पद्धतीने नोंदवलेला कबुलीजबाब ग्राह्य धरता येतो. सर्वसाधारण कायद्याने ज्या दाराला कुलूप लावले, ते एका विशेष कायद्याने विशिष्ट खटल्यांपुरते उघडले आहे. ही सवलत योग्य आहे का, यावर मतभेद आहेत; माझ्या मते कलम २३ मागील कारण संघटित गुन्हेगारीच्या खटल्यांत कमी होत नाही, उलट तपासावरील दबाव जास्त असल्याने ते वाढते.

दूध केंद्राच्या कॅमेऱ्याचे चित्रण हा दुसऱ्या प्रश्नाचा आजचा सर्वांत चर्चेतला भाग आहे. मूळ यंत्रच न्यायालयात आणणे बहुधा शक्य नसते, म्हणून प्रत काढली जाते, आणि प्रत बदलता येते. जुन्या कायद्याचे कलम ६५ब आणि आताचे कलम ६३ अशा प्रतीसोबत प्रमाणपत्र मागते. हे प्रमाणपत्र कितपत अनिवार्य आहे याचा निर्णय जालना विधानसभा मतदारसंघाच्या निवडणुकीतून झाला. २०१४ च्या त्या निवडणुकीत अर्जुन खोतकर २९६ मतांनी विजयी झाले होते. त्यांचे उमेदवारी अर्ज दुपारी ३ च्या मुदतीनंतर स्वीकारले गेले, असा आक्षेप होता, आणि तो सिद्ध करण्यासाठी पराभूत उमेदवार कैलास गोरंट्याल यांनी निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या कार्यालयातील चित्रफितींचा आधार घेतला. चित्रफिती न्यायालयाच्या आदेशाने मिळाल्या, पण वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनी प्रमाणपत्र दिले नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २०१७ मध्ये निवडणूक रद्द ठरवली आणि सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये अपील फेटाळताना नियम पक्का केला: प्रतीसाठी प्रमाणपत्र अनिवार्य आहे, मूळ यंत्रच त्याच्या मालकाने साक्षीसह हजर केले तर ते लागत नाही, आणि ज्याच्या ताब्यात यंत्र आहे तो प्रमाणपत्र देत नसेल, तर न्यायालयाकडे अर्ज करून ते मागवावे. पक्षकाराने आपल्या हातात होते ते सर्व केले असेल, तर अशक्य गोष्ट न केल्याचा दोष कायदा त्याच्यावर ठेवत नाही.

नव्या कायद्याने ही अट आणखी कडक केली आहे. प्रमाणपत्राचा नमुना आता अनुसूचीत दिलेला असून त्याचे दोन भाग आहेत. एक यंत्र सांभाळणाऱ्याने भरायचा आणि दुसरा तज्ज्ञाने, आणि दोन्हींत त्या फाइलचे हॅश मूल्य नमूद करावे लागते. हॅश म्हणजे फाइलमधील मजकुरावरून गणिती पद्धतीने काढलेली अक्षरांची आणि अंकांची एक ओळ. फाइलमध्ये किंचितही बदल झाला की ती ओळ बदलते, म्हणून जप्तीच्या वेळचे आणि न्यायालयातील मूल्य जुळले तर फाइल मधल्या काळात तीच राहिली असे म्हणता येते. मात्र चित्रण मुळात खरे आहे की बनावट, हे हॅश सांगत नाही. शिवाय कलम ५७ ची नवी स्पष्टीकरणे योग्य ताब्यातून आलेल्या काही डिजिटल नोंदींना प्राथमिक पुरावा, म्हणजे प्रत नव्हे तर मूळच, मानतात, तर कलम ६१ त्या नोंदी कलम ६३ च्या अधीन ठेवते. या दोन्हींचा मेळ कसा घालायचा, हा आजच्या विद्यार्थ्याने स्वतः विचार करून मांडण्यासारखा प्रश्न आहे.

तिसरा प्रश्न वजनाचा. कलम १३९ प्रमाणे कोणतीही गोष्ट सिद्ध करण्यासाठी साक्षीदारांची ठरावीक संख्या लागत नाही. एकच साक्षीदार पूर्ण विश्वासार्ह असेल तर पुरेसा आहे. ही विश्वासार्हता तपासली जाते उलटतपासणीत. शेजाऱ्याने न्यायालयात सांगितले की त्याने आरोपीला पळताना पाहिले, पण पोलिसांनी नोंदवलेल्या जबाबात तसे नसेल, तर बचाव पक्षाचे वकील कलम १४८ प्रमाणे तो जबाब त्याच्यासमोर ठेवतात. तपासादरम्यानचा जबाब स्वतः पुरावा नसतो. साक्षीदाराला खोडून काढण्यापुरताच तो वापरता येतो आणि विसंगती पुढे तपास अधिकाऱ्याच्या साक्षीतून सिद्ध करावी लागते. साक्षीदार फितूर झाला तरी त्याची संपूर्ण साक्ष पुसली जात नाही. विश्वासार्ह वाटणारा भाग न्यायालय घेऊ शकते.

प्रत्यक्ष पाहणारा कोणीच नसेल, तेव्हा वजन तोलण्याची कसोटी शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९८४ च्या निवाड्यात सापडते. पुण्यातील एका नवविवाहितेचा विषाने मृत्यू झाला होता, पतीला सत्र न्यायालयाने फाशी सुनावली होती आणि उच्च न्यायालयाने ती कायम केली होती. सर्वोच्च न्यायालयाने मृत स्त्रीची पत्रे मृत्युपूर्व विधाने म्हणून विचारात घेतली आणि परिस्थितिजन्य पुराव्याची पाच तत्त्वे घालून दिली, ज्यांचा मथितार्थ असा की प्रत्येक परिस्थिती स्वतंत्रपणे सिद्ध झालेली असावी आणि त्यांची साखळी इतकी पूर्ण असावी की आरोपीच्या निर्दोषत्वाशी जुळणारा दुसरा कोणताही वाजवी अर्थ उरू नये. त्या प्रकरणात आत्महत्येची शक्यता उरत होती, म्हणून आरोपी सुटला. संशय कितीही गडद असला तरी तो पुराव्याची जागा घेत नाही, हे वाक्य सर्वजण लिहितात. या निवाड्यात ते प्रत्यक्ष लागू होताना दिसते.

सिद्ध करण्याचा भार सामान्यतः फिर्यादी पक्षावर असतो. जी गोष्ट केवळ एखाद्यालाच ठाऊक असू शकते, तिचा भार कलम १०९ त्याच्यावर टाकते. त्रिमुख मारोती किरकन विरुद्ध महाराष्ट्र राज्य या २००६ च्या निवाड्यात घराच्या चार भिंतींआड झालेल्या खुनाबाबत घरातील माणसांनी खुलासा द्यायला हवा, असे याच तत्त्वावर म्हटले गेले, अर्थात प्रथमदर्शनी पुरेसा पुरावा आधी सरकार पक्षाने दिल्यावर.

भार बदलणारी काही गृहीतके समाजाच्या संघर्षातून कायद्यात आली आहेत. तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील एका आदिवासी मुलीवर १९७२ मध्ये पोलीस ठाण्यात झालेल्या अत्याचाराच्या खटल्यात, तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निवाड्याने सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये दोन्ही पोलिसांना निर्दोष सोडले, कारण प्रतिकाराच्या खुणा नसल्याने संमतीचा संशय घेतला गेला. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, देशभर आंदोलन झाले, आणि १९८३ च्या दुरुस्तीने जुन्या कायद्यात कलम ११४अ आले, जे आता कलम १२० आहे. कोठडीसारख्या परिस्थितीत संभोग सिद्ध झाला आणि संमती नव्हती असे स्त्रीने न्यायालयात सांगितले, तर संमती नव्हती असेच न्यायालय गृहीत धरते. पुराव्याचा नियम हा निव्वळ तांत्रिक असतो असे ज्याला वाटते, त्याने हा निवाडा आणि हे कलम शेजारी ठेवून वाचावे.

बार कौन्सिलच्या अभ्यासक्रमात शेवटच्या वर्षांत एक दिवाणी आणि एक फौजदारी खटला न्यायालयात बसून पाहण्याचा भाग आहे. तेथे गेल्यावर विद्यार्थ्याला वाटते की प्रत्येक हरकतीवर न्यायाधीश लगेच निर्णय देतील. बहुधा तसे होत नाही. २००१ मध्ये बिपिन शांतिलाल पांचाळ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले होते की खटला लांबू नये म्हणून हरकत नोंदवून घ्यावी, दस्तऐवजाला तात्पुरती निशाणी, म्हणजे पुराव्यातील ओळख क्रमांक, द्यावी आणि निर्णय अंतिम निकालात करावा. २०२१ मध्ये फौजदारी खटल्यांतील उणिवांबाबत निर्देश देताना न्यायालयाने ही पद्धत बदलली आणि प्रश्नांवरील हरकतींचा निर्णय शक्यतो तेव्हाच, किंवा निदान त्या साक्षीदाराची साक्ष संपताना द्यावा, असे म्हटले. खटला पाहताना प्रत्येक हरकत वहीत लिहावी, ती तीन प्रश्नांपैकी कोणत्या प्रश्नाची आहे ते तिच्यापुढे नोंदवावे, आणि निकाल लागल्यावर त्याची प्रत मिळवून त्या हरकतीचे पुढे काय झाले ते शोधावे.